चौथा ठिपका

“मावशी, घासू नका हां! नुसतं पाणी मारा!”

मुकुंदबुवा न्हाणीघरातून ओरडले तेव्हा माझ्या उजव्या हातात नारळाचा काथ्या होता, डाव्या मुठीत रांगोळी होती, आणि व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. फलटणला आमच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली बुवांनी आणलेली पांढरी मारुती उभी होती. आदल्या दिवशी मीच तिची पूजा केली होती. चाकांना हळदकुंकू, आरशाला झेंडूची माळ, आणि बॉनेटच्या मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, त्याच्या चार घरांत चार ठिपके. आज बुवा परत निघायचे, तर गाडी लख्ख करून द्यावी म्हणून मी बादली घेऊन बाहेर आले. ओलं फडकं फिरवलं तसं माझं कुंकू निघालं. पण खाली फिकट गुलाबी डाग राहिला. साबण लावला, डाग तसाच. रॉकेलचा बोळा फिरवला, तरी तसाच. तेव्हा मी देवाच्या समयांना लावते तो हात लावला. चिमूटभर रांगोळी, काथ्या, आणि गोल गोल घासणं. तोंडात परवाच्या कीर्तनातलं पद होतं. पद संपेपर्यंत डाग गेला. वर तांब्याभर पाणी ओतलं, पदरानं पुसलं.

ताटाएवढ्या जागेची सगळी चकाकी गेली होती. मांजरानं नखं घासून ठेवावीत तसे शेकडो बारीक ओरखडे. दोन-तीन तर इतके खोल, की खालचा राखाडी थर दिसत होता.

“अहो,” मी हळूच हाक मारली. “अहो, जरा इकडं येता का?”

आमचे हे ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. बशी तशीच हातात धरून आले. बॉनेटकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं, उरलेला चहा शांतपणे प्यायले आणि म्हणाले, “रांगोळी?”

मी मान हलवली.

“शकुंतला, रांगोळी म्हणजे दगडाची पूड असते.”

लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यात त्यांनी मला पूर्ण नावानं तीन-चारदाच हाक मारली असेल, आणि त्यातली एकही आनंदाच्या वेळी नाही.

“समया तर चांगल्या निघतात,” मी म्हटलं.

“समई काय गाडीच्या रंगानं रंगवलेली असते?”

हे बोलणं त्यांना शोभत होतं. त्यांचं अख्खं आयुष्य एसटीच्या आगारात रंगाऱ्याचं काम करण्यात गेलं होतं. लाल गाड्या, पिवळे पट्टे, पाट्यांवरची गावांची नावं. त्या वर्षी नुकतेच निवृत्त झाले होते. देवळात मात्र यायचे नाहीत. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. माझी आई मला मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसायची, ती माझी जागा मी अजून सोडलेली नाही. आणि ह्यांचं म्हणणं, “तीस वर्षं पत्रा ठोकण्याचा आवाज ऐकला, आता झांजा नकोत.” आमच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्राचे नऊ दिवस नारदीय कीर्तन असतं. कीर्तनकार आमच्याच घरी उतरतात. त्यांचं जेवणखाण मी करते, त्यांना न्यायला-आणायला हे जातात, आणि देवळाच्या पायरीवर सोडून परत येतात.

त्या वर्षी मुकुंदबुवा पहिल्यांदा आले होते. वय अठ्ठावीस. आवाज असा, की नमनालाच डोळे भरून यावेत. आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं, “काका, गाडी माझ्या दादाची आहे. त्यानं पहिल्यांदाच दिलीय. एक अट घातलीय, नुसत्या पाण्यानं धुवायची. घासायची नाही, पॉलिश नाही. जशी नेतोस तशी आण, म्हणाला.”

“गाडीवाला शहाणा आहे,” हे म्हणाले होते.

मी ते ऐकलं होतं. पण माझ्या मनात ‘जशी नेली तशी’ म्हणजे डाग नसलेली, एवढंच होतं.

बुवा ओल्या केसांनी, खांद्यावर उपरणं टाकून बाहेर आले. बॉनेटपाशी थांबले. मला वाटलं, आता बोलतील. पण ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि ओल्या केसांतून हात फिरवत राहिले.

“बुवा, रागवा हो माझ्यावर,” मी म्हटलं. “असे गप्प बसू नका.”

“रागवू कसा मावशी? नवमीला मीच सांगितलं ना, मनावरचा मळ घासून काढा.”

“अहो, पण गाडीला मन नसतं एवढं तरी मला कळायला हवं होतं!”

ते हसले, पण हसू लगेच विझलं. “पाचच्या आत लोणंदला पोचायचंय. दादाला संध्याकाळी पंपाची मोटर पोचवायचीय कुणाकडे. तीन वर्षांनी त्यानं माझ्या हातात काहीतरी दिलं होतं, मावशी. किल्ली देताना बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. पण दिली. आता ही अशी नेली, तर पुन्हा दारात उभा करायचा नाही.”

मला रडू फुटलं. हे मात्र एव्हाना उकिडवे बसून बॉनेटला जवळजवळ नाक लावून पाहत होते. नखानं एकेक ओरखडा चाचपत होते.

“गॅरेजात नेऊ या का?” बुवांनी विचारलं.

“गॅरेजवाला म्हणेल, सबंध बॉनेट मारावं लागेल. चार दिवस ठेवून घेईल. तुमची नऊ दिवसांची बिदागी त्यात जाईल, ती वेगळीच.” हे उठले, गुडघे झटकले. “नख अडकतं असे तीनच आहेत. तेवढ्यांनाच रंग लागेल. बाकीचे नुसते वरवरचे. घरीच होईल.”

“मी टूथपेस्ट आणू?” मी उत्साहानं म्हटलं. “त्या पलीकडच्या वहिनींनी स्कूटरला लावली होती.”

“तू,” हे म्हणाले, “आज कशालाही काहीही लावायचं नाहीस.”

ते सायकल काढून बाजारात गेले. तासाभरानं आले तेव्हा पिशवीत दोन तऱ्हेचे वॉटर पेपर, चकाकी आणायच्या रबिंग कंपाउंडची छोटी डबी, चिकटपट्टी, आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तळाशी थोडासा पांढरा रंग. कुठल्याशा जुन्या ओळखीच्या पेंटरकडून मागून आणला होता. चहाच्या खर्चात सगळं बसवलं म्हणून स्वारी खूश होती.

सुपारीच्या डबीच्या झाकणात रंग ओतला आणि त्यात काडीनं घरातल्या जुन्या पिवळ्या रंगाचा एक थेंब टाकला.

“पांढऱ्यात पिवळा कशाला?” मी विचारलं.

“तीन वर्षं उन्हात आहे ही गाडी. नवा कोरा पांढरा लावला तर ठिगळ दिसेल.” मग बुवांना म्हणाले, “बुवा, मऊ सुती कापड लागेल. धुऊन धुऊन विरलेलं.”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढं केलं.

“अहो नको!” मी ओरडले. “कीर्तनाचं उपरणं ते!”

“कीर्तनाचं दुसरं आहे मावशी. हे अंग पुसायचं.” त्यांनीच ते टर्रकन फाडून दोन तुकडे केले.

ह्यांनी खराब जागेभोवती चिकटपट्टीची चौकट केली. मग पाण्यात साबण कालवून वॉटर पेपर त्यात भिजवला आणि घासायला लागले. माझं घासणं गोल गोल, ह्यांचं एका रेषेत, अलगद, जणू तापल्या पोराच्या कपाळावरची पट्टी फिरवावी. मी पाण्याची धार धरून उभी होते. थोड्या वेळानं हात थांबवून म्हणाले,

“अगं, हे कुंकू कालचं वाटत नाही.”

“म्हणजे?”

“ओरखड्यांच्या मधे मधे अजून गुलाबी आहे. रंगात मुरलंय. एका दिवसात एवढं खोल जात नाही.”

“माझ्या हातचं कुंकू आहे ते,” मी म्हटलं. “तुमच्या आगारातल्या रंगासारखं पांचट नाही.”

बुवांना हसू आलं. ह्यांनी खांदे उडवले आणि पुन्हा घासायला लागले. त्या मधल्या गुलाबी खुणाही हळूहळू निघून गेल्या.

मग उदबत्तीची काडी घेतली. तिचा मसाला खरवडून टोक तासलं, रंगात बुडवलं आणि तीन खोल ओरखड्यांत एकेक बारीक रेघ भरली. श्वास रोखून. रेघ पुरी झाली की श्वास सोडायचे.

“आता पाऊण तास कुणी हात लावायचा नाही. वाळू दे. तोवर बसा.”

आम्ही तिघं ओसरीवर बसलो. गाडी समोर सावलीत. पेरूची वाळकी पानं बॉनेटवर पडू नयेत म्हणून ह्यांनी वर जुनी चादर बांधली होती. मी म्हटलं, “बुवा, एवढा वेळ आहे तर थोडं निरूपण करा की. ह्यांनी कधी ऐकलं नाही.”

“मला कशाला,” हे पुटपुटले. पण उठले नाहीत.

बुवांनी गळा खाकरला. नमनाच्या दोन ओळी म्हटल्या, अगदी हलक्या आवाजात. माझी मान आपोआप डोलायला लागली. आणि मध्येच ते थांबले.

“काका,” ते ह्यांना म्हणाले, “तुम्ही परवा विचारलंत ना, दादा आणि मी बोलत का नाही म्हणून?”

“सहज विचारलं होतं.”

“तीन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी माझं एका गावात कीर्तन होतं. आड बाजूचं गाव. पूर्वरंग झाला, मध्यंतरात हार घातला, बुक्का लावला. उत्तररंग सुरू झाला आणि सरपंचांच्या घरी फोन आला. आई गेली म्हणून.” ते पायरीवरच्या मुंग्यांकडे पाहत होते. “उभं कीर्तन मोडायचं नसतं. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी देवळाच्या दारातच बसवून ठेवलं. मी गात होतो काका. लोकांना हसवत होतो. आरती झाली, प्रसाद वाटला, मग मला सांगितलं. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दादा एवढंच म्हणाला, तुझं कीर्तन संपेपर्यंत आई थांबली नाही.”



“दसऱ्यालासुद्धा गेलो नव्हतो घरी,” ते म्हणाले. “त्याच दसऱ्याला त्यानं ही गाडी घेतली. फार आग्रह केला होता, ये म्हणून. माझं तेव्हाही कीर्तनच होतं.”

हे उठले. मला वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील. त्यांनी रंगाच्या रेघेवर करंगळीचं टोक टेकवलं आणि म्हणाले, “वाळला.”

पण त्यानंतर त्यांचा हात आणखी सावकाश चालू लागला, हे माझ्या लक्षात आलं.

भरलेल्या रेघांवर पुन्हा बारीक पेपर. मग उपरण्याच्या तुकड्यावर कंपाउंड घेऊन चोळणं. एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं बुवा. “दाब देऊ नका बुवा, नुसता हात जाऊ द्या,” असं चाललेलं. दोन वाजता उपरण्याच्या दुसऱ्या कोरड्या तुकड्यानं शेवटचा हात फिरवला आणि चिकटपट्टी सोलून काढली.

खोटं नाही सांगत, मला तिथं माझं तोंड दिसलं. कुठं ओरखडे होते ते शोधूनही सापडेना. मी दोन्ही हातांनी ह्यांच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

मग मला एक दिसलं. चिकटपट्टीच्या चौकटीबाहेर, खाली दिव्याच्या बाजूला, एक गुलाबी ठिपका उरला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. माझा काथ्या तिथवर गेला नव्हता.

“तो पण काढा की,” मी म्हटलं.

“तिथं ओरखडा नाही. खराब नाही तिथं हात लावायचा नाही.”

“अहो, पण डाग आहे!”

“असू दे. जेवढं बिघडलं तेवढंच दुरुस्त करायचं. पुढं गेलं की काम वाढतं.”

ते हात धुवायला वळले. मी कंपाउंडचा बोळा उचलला. म्हटलं, एवढ्याशा दाण्यासाठी कशाला राहायचं? बोळा टेकवणार एवढ्यात ह्यांनी मागून माझं मनगट धरलं. बुवांच्या देखत! चारचौघांत माझा हात धरण्याची ह्यांची ती आयुष्यातली पहिलीच वेळ.

“शकुंतला,” ते म्हणाले. “नाही म्हटलं ना.”

मी बोळा ठेवून दिला.

जेवताना बुवा म्हणाले, “एकही ओरखडा दिसत नाही. दादाला कळणारसुद्धा नाही.” आणि भाताचा घास हातातच राहिला. “पण सांगायला हवं. नाही का?”

“मी सांगते,” मी म्हटलं. “चूक माझी. मी येते लोणंदला.”

“मी पण येतो,” हे म्हणाले.

“तुम्ही कशाला?”

“रंग अजून कच्चा आहे. वाटेत ट्रकामागं धूळ बसली तर पुसायला कुणी नको?”

तासाभराची वाट. बुवा गाडी इतकी हळू चालवत होते, की दोन बैलगाड्याही मागं टाकताना विचार करत होते. मी मागच्या सीटवर ओटीचा नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होते. दादा, चूक माझी. दादा, मुलाचा काही दोष नाही. दादा, बघा तरी, एक ओरखडा दिसतोय का?

लोणंदला बाजाराच्या टोकाला विश्वंभरदादांचं जळालेल्या मोटरी तारेनं भरून देण्याचं दुकान. दुकानाच्या मागंच घर. उन्हं तिरपी झाली होती. गाडी थांबली तसे ते बाहेर आले. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, बोटांना तांब्याच्या तारेचे कण चिकटलेले. भावाकडे पाहिलंच नाही. आमच्याकडे पाहून अर्धवट हात जोडले, आणि सरळ बॉनेटपाशी गेले.

त्यांनी मधोमध तळवा टेकवला. थोडा सरकवला. मग वाकले. डोळे बारीक करून पाहिलं, परत तळवा फिरवला, अंधारात बाकावर ठेवलेली वस्तू चाचपावी तसा.

“कुणी घासलं?” ते म्हणाले.

“दादा, ते...” बुवांनी सुरुवात केली.

“मी घासलं,” मी पुढं झाले. “मी हेंद्रे. बुवा आमच्याकडं उतरले होते. मी पूजा केली, तिचं कुंकू निघेना, म्हणून घासलं. ओरखडे पडले हो खूप. पण आमच्या ह्यांनी सगळे काढलेत. बघा, एकही राहिला नाही.” आणि माझ्या आवाजात, मला अजून आठवतं, चक्क अभिमान होता.

“ओरखडे राहिले असते तरी चाललं असतं,” ते म्हणाले.

मला काही कळेना.

“ते तुमचं कुंकू नव्हतं, बाई. आईचं होतं.”

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

“गाडी आणली त्या दसऱ्याला तिनं काढलं होतं. उठवत नव्हतं तिला. खुर्चीसकट उचलून अंगणात आणली. म्हणाली, माझ्या हातची पूजा झाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. शेंगदाण्याच्या तेलात कुंकू कालवलं. बाराव्या दिवशी गेली. मग मी ते पुसलंच नाही. पावसानं, उन्हानं फिकं झालं, पण होतं. पाणी मारलं की ओल्यात नीट दिसायचं.”

नुसत्या पाण्यानं धुवायची. घासायची नाही. माझ्या हातातला नारळ मला पेलवेना.

“मला का नाही सांगितलंस?” मुकुंदबुवा म्हणाले. आवाज असा फाटला होता, की हाच माणूस परवापर्यंत देवळात गात होता हे खरं वाटू नये. “मला वाटलं, गंज आहे. नाहीतर कसला तरी डाग. मला का नाही सांगितलंस दादा?”

“तू होतास कुठं सांगायला?”

दादा दुकानाकडे वळले. किल्ली मागायलासुद्धा त्यांनी हात पुढं केला नाही. मला कळलं, ते आत गेले, की पुन्हा बाहेर यायचे नाहीत. मी पदर तोंडाला लावला. नऊ दिवस पहिल्या ओळीत बसून ऐकलेल्यातलं एक वाक्य मला त्या वेळी आठवेना.

“अहो, जरा इकडं येता का?” आमचे हे म्हणाले.

ते गाडीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवे बसले होते. दादा थांबले.

“या. इथं बसा, माझ्या शेजारी. उन्हाच्या रेषेत बघा. दिव्याच्या जरा वर.”

दादा काय समजले देव जाणे, पण गेले. बसले. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, गाडीतल्या तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, आणि बॉनेटला न टेकवता वर धरून हलकेच पिळला. एक थेंब खाली पडला. त्या थेंबाखाली तो गुलाबी ठिपका एकदम लाल दिसला.

दादा आणखी जवळ वाकले. मग त्यांनी मान न वळवता हाक मारली.

“मुकुंद.”

बुवा हलले नाहीत.

“मुकुंद, इकडं ये.”

ते जाऊन दादांच्या शेजारी मातीत बसले. बॉनेटपाशी दोन्ही डोकी एकाला एक लागली.

“हा चौथा,” दादा म्हणाले. “तीन ठिपके नीट दिले तिनं. चौथ्याला हात थरथरला आणि एवढा खाली पडला. मी म्हटलं, पुसून परत दे. तर म्हणाली, राहू दे, तो माझ्या मुकुंदाचा. घरात थोडाच बसतोय.”

बुवांचे खांदे हलायला लागले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तांब्याचे कण लागलेला तो हात, पांढऱ्या सदऱ्यावर, कितीतरी वेळ तिथंच होता.

आमचे हे उठून माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मी हळूच म्हटलं, “तुम्हांला माहीत होतं?”

“काही नाही माहीत. पण कुंकू जुनं होतं, एवढं कळलं होतं. तुला सांगितलं तर म्हणालीस, तुमचा रंग पांचट.”

मी तिथंच, भर रस्त्यावर, त्यांच्या पायांना हात लावला. “अगं, काय करतेस,” म्हणून ते दोन पावलं मागं सरले आणि नाल्यात पडता पडता राहिले.

ह्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. हेही गेले, त्याला सहा. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या दसऱ्याचं.

त्या वर्षी नवरात्रात मुकुंदबुवा परत आमच्याकडे उतरले. अष्टमीला कीर्तनाला उभे राहिले तेव्हा देवळात शेवटच्या खांबापाशी विश्वंभरदादा बसलेले मी पाहिले. त्यांच्या शेजारी आमचे हे. दोघंही कीर्तनभर एकमेकांशी एक अक्षर बोलले नसतील. मी पुढच्या ओळीतून तीनदा वळून पाहिलं.

दसऱ्याला मी गाडीच्या चाकांना हळदकुंकू वाहिलं, आरशाला माळ घातली आणि ताट घेऊन घरात निघाले.

“मावशी,” दादा म्हणाले, “बॉनेट राहिलं.”

“नको हो दादा. माझा हात परत तिथं नको.”

“काढा. फक्त तो ठिपका तुमच्या स्वस्तिकात घ्या.”

मी तेलात कुंकू कालवलं. तो ठिपका इतका खाली होता, की त्याला घरात घ्यायचं तर सगळं स्वस्तिक खाली ओढावं लागणार होतं. काढलं. एक पाय लांब झाला, एक आखूड.

“वाकडं आलंय,” आमचे हे म्हणाले.

“असू दे,” दोघं भाऊ एकदम म्हणाले.

मग मी ठिपके दिले. एक, दोन, तीन. चौथा होताच.